टेबलाची मागची बाजू

"काकू, तांबडी बरणी कुठली?"

"ती काय, तुझ्या नाकासमोर," मी म्हटलं. मी स्टुलावर चढून भिंतीला फुग्यांची कमान लावत होते. चिकटपट्टीचे तुकडे ओठांच्या कोपऱ्यात धरले होते आणि खाली उभ्या असलेल्या वाढदिवसाच्या मुलीकडे माझं फारसं लक्ष नव्हतं.

"नाकासमोर म्हणजे कितवी?"

"अगं बाई, तिसरीत आहेस ना? रंग ओळखता येत नाहीत होय अजून?"

"नाही येत," ती म्हणाली. रागानं नाही, माहिती दिल्यासारखी. "कितवी ते सांगा."

तेव्हा मी खाली बघितलं. तिचा हात टेबलाच्या कडेवरून सरकत आला, एका बरणीच्या पोटाला लागला, वर झाकणापर्यंत गेला आणि थांबला. चेहरा माझ्याकडे नव्हता, फुगे जिथे करकरत होते तिकडे होता. मी स्टुलावरून उतरले. काही बोलायला गेले, तर एक चिकटपट्टी ओठाला बसली होती.

ह्याला आता चौदा वर्षं झाली. सांगलीत तेव्हा 'कँडी टेबल' हा शब्द नवा होता आणि माझा धंदाही नवा, जेमतेम सहा महिन्यांचा. माझ्या नवऱ्याला शेवटपर्यंत प्रश्न होता की गोळ्या मांडायला माणूस कशाला लागतो. सासूबाईंना मात्र पहिल्या फटक्यात कळलं. "रुखवतच की गं हे," त्या म्हणाल्या, "लग्नाशिवायचं." खरं होतं. आमच्या घराण्यातल्या अकरा लग्नांची रुखवतं मी मांडली होती आणि मांडणीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. हात म्हणजे काय, खोडच. कुणाच्या घरी कॅलेंडर वाकडं दिसलं तर चहा यायच्या आत मी ते सरळ केलेलं असे. नवरा म्हणायचा, "हिला स्मशानात नेलं तर ही आधी लाकडं एका रेषेत लावेल." मी हसायचे, आणि हसता हसता त्याच्या ताटाशेजारची वाटी सरळ करायचे.

रूपाली मोहिते ह्या बाईंचा फोन तीन आठवड्यांपूर्वी आला होता. मुलगी राजनंदिनी, नऊ वर्षांची होणार. मैत्रिणी पंधरा. विषय इंद्रधनुष्य. त्यांनी सगळं नीट सांगितलं, म्हणजे एक सोडून सगळं.

मी ओठावरची चिकटपट्टी ओढून काढली आणि स्वयंपाकघरात गेले. रूपालीताई भेळेसाठी चिंचेची चटणी गाळत होत्या.

"ताई, तुम्ही मला सांगितलं नाहीत."

काय ते त्यांनी विचारलं नाही. "सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"काहीतरी... वेगळं केलं असतं."

"तेच नको होतं." त्यांनी गाळणं भांड्यावर आपटलं. "गेल्या वर्षी ज्या बाई आल्या होत्या त्यांना सांगितलं होतं. त्यांनी चार फुगे लावले, चारही पांढरे. मी म्हटलं, रंगीत का नाही, तर म्हणाल्या, हिला काय फरक पडतोय. मैत्रिणींनी येऊन नंदूला सांगितलं की तुझे फुगे पांढरे आहेत. रात्रभर विचारत होती, पांढरे का, पांढरे का." मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हणून यंदा कुणाला काही बोललेच नाही. नेहमीसारखं करा तुम्ही. रागावलात का?"

"नाही हो."

"काकू रागावल्या नाहीत," दारातून आवाज आला. नंदू माझ्या मागोमाग आली होती. "घाबरल्यात. आवाज बारीक झालाय बघ त्यांचा."

रूपालीताई हसल्या. मीही हसले, पण माझंच मघाचं वाक्य, तिसरीत आहेस ना, माझ्या कानात गोमाशीसारखं फिरत होतं. नंदूला मात्र त्याचं काही नव्हतं. तिला काम होतं.

काम काय ते तिनं मला टेबलामागे ओढत नेऊन सांगितलं. तिच्या वर्गात अक्षता नावाची मुलगी होती. अक्षतानं नवा फ्रॉक घातला होता आणि नंदूनं विचारलं, कुठला रंग? अक्षता म्हणाली, तुला सांगून काय उपयोग, तुला रंगातलं काय कळणार? त्यावर नंदूनं सगळ्या वर्गासमोर सांगून टाकलं की माझ्या वाढदिवसाला या. मी तुम्हाला रंग वाढणार. प्रत्येकीनं एक रंग मागायचा आणि मी तोच द्यायचा. कुणी मदत करायची नाही.

"म्हणून इंद्रधनुष्य," मी म्हटलं.

"म्हणून. तानापिहिनिपाजा. ते मला पाठ आहे." तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. तिनं ते एका दमात म्हणून दाखवलं.

"आणि नाही जमलं तर?"

"तर अक्षता म्हणेल, बघा, मी म्हटलं नव्हतं का. मग मी शाळेत रंगाचं काही विचारणार नाही. कधीच." मग लगेच म्हणाली, "पण जमेल. मला वाढता येतं. विचारा आबांना."

आबा म्हणजे तिचे आजोबा. ते कोपऱ्यात खुर्ची टाकून इतके गप्प बसले होते की मी त्यांना सकाळपासून नमस्कारसुद्धा केला नव्हता. चाळीस वर्षं त्यांनी लग्नाच्या पंगतींत वाढपी म्हणून काम केलं होतं. वाकून वाकून पाठीला बाक आला होता. आपलं नाव निघालं तसे ते ताठ झाले.

"मीठ कुठं गं?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"ताटात वर, मधोमध."

"लिंबू?"

"मिठाच्या डावीकडं. त्याखाली चटणी, मग कोशिंबीर."

"भाजी?"

"उजवीकडं."

"आन् वाढताना?"

"उलट. जेवणारा समोर बसतो. त्याचा डावा तो माझा उजवा."

"बघा," आबा मला म्हणाले. "ह्येच पाठ करून पोरगी जेवाय शिकली. ताट कुठल्याबी घरचं आसू दे, मीठ आपली जागा सोडत न्हाई. गौरीच्या जेवणाला आख्ख्या पंगतीला मीठ हीच वाढती. एक चिमूट हिकडं-तिकडं हुईत न्हाई."

मी मांडणी बदलली. मूळ बेत निराळा होता. उंच-बुटकी बैठक करून बरण्या पायऱ्यांवर चढवणार होते, कारण सपाट रांग म्हणजे किराणा दुकान असं माझं तेव्हाचं ठाम मत होतं. ते सोडून दिलं. सात सारख्या काचेच्या बरण्या एका ओळीत लावल्या, दोन बरण्यांमध्ये नेमकं वीतभर अंतर, नंदूची वीत. टेबलामागे ती उभी राहणार, म्हणून तिच्या डाव्या हाताला तांबड्यापासून सुरुवात. तांबड्यात स्ट्रॉबेरीच्या, नारिंगीत संत्र्याच्या, पिवळ्यात लिंबाच्या, असं करत शेवटी जांभळ्यात काळ्या द्राक्षाच्या. सगळ्या गोळ्या त्या त्या रंगाच्या कागदात घट्ट गुंडाळलेल्या. हाताला सगळ्या सारख्याच लागायच्या, वासही बाहेर येत नव्हता. प्रत्येक बरणीपुढे, मैत्रिणींच्या बाजूला, रंगाचं नाव लिहिलेली छोटी पाटी उभी केली.

मग आम्ही तालीम केली. मी टेबलापुढे उभी राहून रंग मागायचे, ती द्यायची. सुरुवातीला निळ्या-पारव्यात गडबड झाली. मी म्हटलं, नीट बघ, आणि जीभ चावली.

"बघतेच आहे," ती म्हणाली आणि पुन्हा बरण्या चाचपल्या. तिला त्या शब्दाचं काहीच वाटलं नाही. विसाव्या फेरीला मी मुद्दाम उलटसुलट, भराभरा मागू लागले, तर ही माझ्यापेक्षा भरभर द्यायला लागली, आणि वर टोमणा, "काकू, तुम्ही दमलात." साडेतीनला तिच्या आईनं तिला न्हाणीघरात नेलं. जाताना तिनं प्रत्येक झाकणावर एकदा हात ठेवला.

आता जे मी केलं ते सांगायला मला आजही अवघड जातं.

कमान पूर्ण झाली. कापसाचे ढग लटकवले. टेबलावर पांढरी झालर लावली. माझी पद्धत अशी की मांडणी झाली की दारात जाऊन उभं राहायचं आणि पाहुण्याच्या नजरेनं बघायचं. मी दारात गेले, कामाच्या वहीत लावायला फोटो घ्यावा म्हणून कॅमेरा उचलला, आणि मला ते दिसलं. समोरून बघणाऱ्याला डावीकडून पहिला जांभळा दिसत होता, मग पारवा, मग निळा. सगळं इंद्रधनुष्य उलटं होतं. पाट्या वाचल्या तर जापानिहिपिनाता. मला ते वाकड्या कॅलेंडरसारखं टोचलं. पंधरा मुली दारातून आत येणार आणि पहिल्याच नजरेत हे. मी टेबलापाशी गेले आणि बरण्यांची, पाट्यांची अदलाबदल करून टाकली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दारात आले. आता कसं अगदी पुस्तकातल्यासारखं दिसत होतं. मी तीन फोटो काढले.

नंतर परत फिरवीन असं माझ्या मनात होतं, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण नव्हतं. तासभर त्या मुलीबरोबर तालीम केली होती मी, वीत मोजून बरण्या लावल्या होत्या, आणि हात सवयीनं चालायला लागल्यावर मला एवढंसुद्धा आठवलं नाही की त्या टेबलाला मागूनही एक बाजू आहे. ती माझ्या डोक्यातून साफ गेली. इतक्यात बाहेर केकवाला हाका मारायला लागला. तो मोटरसायकलवर केक घेऊन आला होता आणि खोका एका अंगाला कलला होता. मी धावले. केकवरच्या क्रीमच्या ढगाचा एक कोपरा चेपला होता, तो सुरीनं सारखा करण्यात माझा वेळ गेला. अंगणात मुलींचा कलकलाट झाला तेव्हा मी केकवरच वाकलेली होते.

केक घेऊन आत आले तर नंदू टेबलामागे उभी होती. पिवळा परकर-पोलका, डोक्यात गजरा, दोन्ही हात टेबलाच्या कडेवर. समोर पंधराजणींची रांग. रांगेत पहिली, दोन वेण्या घातलेली, तीच अक्षता असणार हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

"तांबडा," अक्षता म्हणाली.

माझ्या हातात केक होता.

नंदूचा हात डावीकडे गेला. पहिली बरणी. झाकण उघडलं, गोळी काढली, झाकण लावलं, आणि गोळी अक्षताच्या हातावर ठेवली. हे सगळं तिनं इतक्या ऐटीत केलं की मला बघवेना.

"ही जांभळी आहे," अक्षता म्हणाली.

खोली गप्प झाली. मग मागून कुणीतरी खुसखुसलं.

मी केक जवळच्या खुर्चीवर ठेवला आणि पुढे निघाले. काय करणार होते देव जाणे, बहुतेक ओरडून सांगणार होते की थांबा, चूक माझी आहे. पण माझं मनगट कुणीतरी धरलं. आबा. त्यांच्या हाताला अजून चाळीस वर्षांची ताकद होती.

"थांबा ताई," ते हळूच म्हणाले. "वाढप्याचं चुकलं तर वाढप्यानंच निस्तरायचं आस्तंय. भायेरनं कुणी हाक मारली की पंगत इस्कटती."

"पण आबा, तिचं चुकलं नाही हो, मीच..."

"थांबा म्हंतो न्हवं."

नंदूचे कान लालबुंद झाले होते. तिनं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. तिच्या मनात काय चाललं असेल ह्याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. त्या क्षणी मात्र मला एवढंच दिसत होतं की आता ती रडणार, आणि ती रडली की सगळं संपलं.

"कुठली म्हणालीस?" तिनं विचारलं.

"जांभळी."

"नीट बघ हं. पारवी नाही ना?"

अक्षतानं गोळी उजेडात धरली. मग बरण्यांकडे पाहिलं, पुन्हा गोळीकडे पाहिलं. मुलगी प्रामाणिक होती. "नाही," ती म्हणाली. "जांभळीच आहे."

"बरोबर," नंदू म्हणाली. "ती तू मागितलेली नाही. ती वाढदिवसाची. पंगतीत आधी मीठ वाढतात ना, न मागता, तशी. आता मागितलेली घे."

आणि ती बाजूला सरकली. एक हात टेबलाच्या कडेवर ठेवून उजव्या टोकापर्यंत चालत गेली. शेवटची बरणी. झाकणावर हात ठेवल्यावर ती एक क्षण थांबली. आबांच्या बोटांनी माझं मनगट आवळलं. तिनं झाकण उघडलं, गोळी काढली आणि पुढे धरली.

अक्षतानं गोळीकडे बघितलं.

"तांबडी," ती म्हणाली.

नंदूनं श्वास सोडला तो मला खोलीच्या ह्या टोकाला ऐकू आला. "पुढची," ती म्हणाली.

पुढची मुलगी बुटकी, चष्मा लावलेली. तिला पिवळा हवा होता. नंदू आता उजव्या टोकाकडून मोजत होती. तांबडा, नारिंगी, पिवळा. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पिवळी बरोबर आली. चष्मेवाली जागची हलेना. "मला वाढदिवसाची?" तिनं विचारलं. खरंच की. नंदू हसली आणि डाव्या टोकाकडून एक जांभळी काढून तिच्या हातावर ठेवली. मग तो नियमच झाला. आधी जांभळी, मग मागितलेली. निळा, पारवा, पुन्हा तांबडा, नारिंगी. पाचव्या मुलीनंतर तिचे ओठ हलायचे थांबले. दहाव्या मुलीपर्यंत ती इकडून तिकडे वाढप्यासारखी झपझप फिरत होती आणि "पुढं चला, पुढं चला, मागं पंगत खोळंबलीय" असं हुबेहूब आबांच्या आवाजात म्हणत होती. मुली हसून हसून वाकल्या. रांग संपली तेव्हा अक्षता पुन्हा मागे जाऊन उभी होती.

"मला परत," ती म्हणाली. "पारवा." आणि तो मिळाल्यावर, "नंदू, माझा तो फ्रॉक मोरपंखी आहे. हिरव्या-निळ्याच्या मधला."

"मग बरणी नाही त्याची," नंदू म्हणाली. "पुढच्या वर्षी ठेवते."

आबांनी माझं मनगट सोडलं. त्यावर चार बोटं उमटली होती.

"बरण्या फिरवलेल्या मला दिसल्या हुत्या," ते म्हणाले. "मला वाटलं, पोरीला सांगितलं आसंल तुमी."

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आता चार शब्द ऐकावे लागणार अशी मी तयारी केली. ते नुसते म्हणाले, "मी येकदा नवरदेवाच्या ताटात डावं-उजवं समदं उलटं वाढलं हुतं. त्येच्या आजीनं उठवलं मला पंगतीतनं. जावा, केक ठिवा टेबलावर, खुर्चीवर कुणीतरी बसंल त्येच्यावर."

केक कापला. औक्षण झालं. भेळ झाली. मुली अंगणात पळाल्या आणि मी टेबलापाशी उभी राहून सांडलेले कागद गोळा करू लागले. रूपालीताई माझ्याजवळ आल्या. डोळे पुसून पुसून त्यांचं नाक लाल झालं होतं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"तुमचे उपकार कसे मानू," त्या म्हणाल्या. "अशी बरोबर मांडणी करून दिलीत. आधी न मागता एक द्यायची, ही युक्तीपण तुमचीच ना? मला बोललीसुद्धा नाही कारटी."

"ताई, ते मी..." मी म्हटलं. तेवढ्यात अंगणात कुणीतरी पडलं, भोकाड पसरलं, आणि त्या पळाल्या. माझ्या आयुष्यात मला पुष्कळदा न मिळालेल्या कौतुकाचं वाईट वाटलंय. मिळालेलं कौतुक अंगावर निखाऱ्यासारखं पडलं, असं तेव्हा एकदाच झालं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मोरपंखीची बरणी लागणार आहे. येताय ना?" मी गेले. त्यानंतर सलग सहा वर्षं गेले. ह्या चौदा वर्षांत मी शेकडो टेबलं मांडली, आणि मांडून झाल्यावर दारात जायच्या आधी मी टेबलामागे जाऊन उभी राहते. ज्याचा वाढदिवस त्याला तिथून काय लागतं ते आधी, फोटो मागाहून.

पण त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं.

अंगणात संगीत खुर्ची चालू होती. मी जांभळ्याची रिकामी बरणी पुसत होते. नंदू आत आली. कडेवरून हात फिरवत टेबलामागे आपल्या जागी जाऊन उभी राहिली. गजरा सुटून खांद्यावर आला होता.

"काकू, तुम्ही राहिलात. तुम्ही रंग मागितलाच नाही."

मला तिच्यापुढे उभंही राहवत नव्हतं. काहीतरी सोपं मागावं आणि सुटावं म्हणून मी म्हटलं, "हिरवा दे."

"हिरवा नको," ती म्हणाली. "हिरवा दोन्हीकडून मधेच येतो. तो काय, कुणीपण देईल. दुसरा मागा."

मी बरणी खाली ठेवली.

"तुला कधी कळलं गं?"

"जांभळी म्हणाली तेव्हा. आधी वाटलं मीच विसरले. मग म्हटलं, मी कशी विसरेन? मी विसरले असते तर नारिंगी आली असती, नाहीतर पिवळी. एकदम शेवटचीच कशी येईल? म्हणजे कुणीतरी समोरच्यांसाठी मांडलंय. पंगतीसारखं."

"मी मांडलं," मी म्हटलं. "फोटोत नीट दिसावं म्हणून फिरवलं आणि तुला सांगायचं विसरले. नंदू, माझं फार चुकलं."

"हां," ती म्हणाली. ते तिला माहीतच होतं.

"मग तिथेच माझं नाव का नाही घेतलंस? सांगायचंस की काकूंनी बरण्या हलवल्या. खरं होतं ते. तुला कुणी हसलं नसतं."

"घेणारच होते," ती म्हणाली. झाकणावर तिचं बोट गोल गोल फिरत होतं. "पण मग सगळ्याजणी तुमच्याकडे बघत बसल्या असत्या."

मी हातातलं फडकं टेबलावर ठेवलं.

"बघत बसलेलं मला कळतं," ती म्हणाली. "सगळे एकदम गप्प होतात. फार घाण वाटतं ते. म्हणून नाही घेतलं."

नऊ वर्षांची पोर. पंधराजणी तोंडाकडे बघत असताना, स्वतःचं सगळं पणाला लागलेलं असताना, तिनं माझा विचार केला होता. मला तिचे पाय धरावेसे वाटले. आजही तिची आठवण आली की माझे हात आपोआप जोडले जातात. तेव्हा मात्र मी नुसती उभी राहिले, ती बटणं सुटलेली बाही, ते कान, तो खांद्यावरचा गजरा बघत.

तिनं हात पुढे करून माझा तळवा शोधला, उघडला, आणि मी दुसरं काही न मागताच त्यावर एक गोळी ठेवली.

"काकू," ती म्हणाली, "गप्प झालात तुम्ही. बघू नका. खा."